जाड हातमोजा निघाला: क्लचवर करून घेतलेल्या चार कामांचा अनुभव

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरहून निघणारा, कळे गावाच्या पुढचा गगनबावडा रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, आणि चढ लागला की माणसाच्या चालीचा वेग. मी जनावरांची डॉक्टर आहे. पन्हाळा आणि गगनबावडा तालुक्यांतल्या गोठ्यांवर फिरते. बाजारभोगाव, असळज, साळवण अशा फेऱ्यांत दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात आणि हंगामात त्यातला बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर जातो. डाव्या पायाखाली दिवसभर जे पेडल असतं, त्यावर मी गेल्या पावसाळ्याच्या शेवटापासून चार कामं करून घेतली. कोणत्या कामानं काय बदललं ते वेगवेगळं टिपून ठेवलं. अख्खा हंगाम त्या पेडलवर काढून झाल्यावर आता लिहिते आहे.

गाडी डिझेल, पाच गिअरची, २०१७ची. पहिल्या कामाच्या दिवशी ९४,००० किलोमीटर झाले होते. गाडीच्या कंपनीचं नाव घालत नाही, कारण ज्या रचनेबद्दल लिहिणार आहे ती बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत सापडते. गॅरेजचं नाव तिथल्या मिस्त्रींनी, म्हणजे मामांनीच, लिहू नका म्हणून सांगितलं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांची जागा आहे, एका वेळी दोन गाड्या मावतात आणि कामं आधीच अंगावर आहेत.

तक्रार काय होती ते आधी सांगते, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पेडल जड नव्हतं. उलट हलकं होतं, इतकं की शोरूममध्ये बसून दाबलं तर कोणालाही आवडेल. पण पाय उचलताना क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला कळत नसे. सकाळी थंड गाडीत एका उंचीवर धरायचा, दुपारी गर्दीत दुसऱ्याच. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जरा घाईनं गेलं, तर पाय पूर्ण वर आल्यावरही क्षणभर क्लच घसरत राहायचा आणि मग गाडी पुढे ओढायची. चढावर ट्रॉलीमागे थांबून निघताना मी अंदाजानं जास्त ॲक्सिलरेटर द्यायची आणि क्लचचा जळका वास यायचा.

गाभण तपासायला आम्ही खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा हातमोजा घालतो. पातळ हातमोजा असला की पस्तीस-चाळीस दिवसांची गाभण गाय सरावाच्या बोटांना कळते. जाड असला की तेच गर्भाशय नुसतं मऊ लागतं आणि तुम्ही अंदाज करत बसता. हात दोन्ही वेळी तितकाच सहज आत जातो, पण हाताला जे कळायला हवं ते जाड हातमोजा खातो. माझ्या क्लचचं तसं झालं होतं.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा सांगितलं. पहिल्यांदा 'सगळ्यांचं असंच असतं' असं उत्तर मिळालं, दुसऱ्यांदा प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं बदलायचं १९,००० रुपयांचं एस्टिमेट. ते मला पटलं नाही. प्लेट संपली असेल तर ती घसरायला हवी. रंकाळ्याच्या पुढे एका मोकळ्या चढावर मी गाडी चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर आणली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्याबरोबरच चढला, एकटा उडाला नाही. म्हणजे प्लेट पकडत होती आणि दोष मधल्या वाटेत होता. हे करून पाहायला पैसे लागत नाहीत. एस्टिमेटवर सही करायच्या आधी प्रत्येकानं करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

ती मधली वाट अशी. पेडल दाबलं की मागची दांडी मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते. तेल नळीतून गिअर बॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातं. स्लेव्ह फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंग ढकलतो, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं दाबून प्लेट मोकळी करतं. पाय उचलला की त्या बोटांचा परतीचा जोर ह्याच वाटेनं उलटा येतो. तो जोर जितका जसाच्या तसा आणि वेळेवर तळपायाला पोहोचेल, तितकं पायाला कळतं. तेलात हवा असेल, नळी फुगत असेल, वाटेत बारीक भोक असेल किंवा पेडललाच दुसरी एखादी स्प्रिंग ढकलत असेल, तर तो वाटेत बदलतो.

मामांना मी पहिल्याच दिवशी एक अट घातली. चारही कामं एकदम करायची नाहीत. एका वेळी एकच, आणि मध्ये किमान दहा दिवस गाडी माझ्याकडे. एखाद्या गाईला तीन औषधं एकदम दिली आणि ती उभी राहिली, तर कशानं उभी राहिली ते कधीच कळत नाही. मामांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमी म्हंता तसं करू डॉक्टर. पर गाडी चारदा वर घ्यायची म्हंजे मजुरी चारदा." मी हो म्हटलं. त्या मजुरीचा मला आजही पस्तावा नाही.

पहिलं काम तेलाचं. माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोघांना तेल एकाच डब्यातून जातं. ब्रेकचं तेल मी वेळच्या वेळी बदलून घेतलं होतं, त्यामुळे क्लचचंही बदललं गेलं असेल असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. स्लेव्ह सिलिंडर म्हणजे वाटेचं बंद टोक. तेल तिथे फक्त पुढे-मागे हलतं, फिरत नाही. त्याचं निपल, म्हणजे तेल-हवा बाहेर काढायचं तोंड, उघडून जुनं बाहेर काढलं नाही, तर वरच्या डब्यात कितीही नवं ओता, खालचं तसंच राहतं. मामांनी निपलला पारदर्शक नळी लावून पाना फिरवला तेव्हा काळ्या चहासारखं तेल आलं. सात वर्षांचं.

हे तेल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. साडेतीन-चार टक्के पाणी शोषल्यावर प्रमाणित किमान मर्यादा १५५ वर येते. गगनबावड्यासारख्या धो-धो पावसाच्या भागात रोज फिरणाऱ्या गाडीनं त्याची वाट बघू नये. दर दोन वर्षांनी बदलणं हा साधा नियम आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच जातीची आहेत. नुसतं 'डॉट ५' मात्र सिलिकॉनचं असतं, ते ह्यांच्यात मिसळायचं नाही. आकडा मोठा म्हणून तेल चांगलं, असं समजून ते कोणी ओतू नये.

तेलातली एअर काढायला गॅरेजमधलं पोरगं पेडलवर बसलं आणि मामा खाली. "दाब. धर. सोड." असं पंधरा-वीस वेळा. शेवटी निपल किंचित उघडं ठेवून तासभर तेल आपल्या वजनानं उतरू दिलं, कारण जोरजोरात पंप केल्यानं बारीक बुडबुडे तेलात मिसळतात आणि निघत नाहीत. मी बाहेरच्या बाकावर बसून हे सगळं पाहत होते.

फरक? मोठा. क्लच धरायची जागा तळाला चिकटून जी होती ती जवळजवळ दोन बोटं वर आली आणि, महत्त्वाचं म्हणजे, सकाळ-दुपार एकच राहिली. खर्च तेलाचे ६०० आणि मजुरीचे ७०० रुपये. ज्यांना ब्रेडेड होज, रेसिंगचं किट वगैरे मागवायची इच्छा होते आहे, त्यांनी कृपा करून आधी हे करावं. मी बारा दिवस गाडी चालवली आणि मनात आलं की इथेच थांबावं का.

पण घाईच्या गिअरला ते उशिरा धरणं तसंच होतं.

दुसरं काम त्यासाठी. पुष्कळ गाड्यांत क्लचच्या नळीत एक छोटा झडपेचा तुकडा बसवलेला असतो. पेडल दाबताना तेल त्याच्यातून मोकळं जातं. पाय उचलताना तो तुकडा जागेवर बसतो आणि तेलाला एका बारीक भोकातूनच परतावं लागतं. म्हणून तुम्ही पाय कितीही झटकन काढा, क्लच आपल्या गतीनंच धरतो. इंग्रजीत त्याला क्लच डिले व्हाल्व्ह म्हणतात. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या थ्री सीरिजमधला तो तुकडा जगभर प्रसिद्ध आहे, कारण हौशी मालक तो काढूनच टाकतात. ठेवण्यामागे कारण आहे. कोणी पहिल्या गिअरमध्ये पाय एकदम सोडला तर जो हिसका बसतो तो गिअर बॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, इंजिनाची माउंटिंगं ह्या सगळ्यांना बसतो. कंपनी गाडी सर्वांसाठी बनवते, चुकणाऱ्यांसाठीसुद्धा.

पाय हळू उचलला तर ते भोक अडवत नाही, तेल आरामात निघतं. झटकन उचलला तरच अडवतं. म्हणजे पायाची गती बदलली की क्लचचं वागणं बदलतं. माझा पाय 'इथे धरेल' असं शिकायचा ते हळू निघताना, आणि घाईच्या गिअरला तो अंदाज खोटा ठरायचा. थंडीत तेल किंचित घट्ट असतं, तेव्हा उशीर आणखी वाढायचा. साळवणच्या पुढे डिसेंबरातल्या पहाटे मला ते दोन वर्षं जाणवत होतं, पण मी ते माझ्या झोपेच्या माथी मारत होते.

माझ्या गाडीत तो तुकडा स्लेव्हच्या तोंडाशी निघाला. मामांनी कापडावर ठेवून त्यात ड्रिलच्या दांड्या घालून पाहिल्या. एक मिलिमीटरची गेली, दीडची गेली नाही. नळीचं आतलं तोंड मात्र चार मिलिमीटरच्या आसपास. पोरगं म्हणालं, भोक मोठं करून टाकू. मामांनी त्याला तिथेच थांबवलं. ड्रिल मारलं की काठाला धातूची बारीक कूस राहते, ती सुटून तेलाबरोबर सिलिंडरात गेली की रबराचं सील कापते. त्यांनी तुकडा अख्खा काढला, बाहेरचं घर तसंच परत बसवलं आणि काढलेला तुकडा माझ्या हातात दिला. "ह्यो जपून ठेवा. गाडी इकली तर परत घालाय लागंल." मी तो लसीच्या एका रिकाम्या बाटलीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे.

त्याच वेळी मामांनी नळीवरची एक गोल डबीही दाखवली. ती डँपरची. आत रबराचा पडदा असतो आणि इंजिनाची थरथर तो पिऊन टाकतो. ती काढली तर पायाला आणखी कळेल, पण डिझेल इंजिनाची कंपनंही सोबत येतील. माझं ऐंशी-नव्वद किलोमीटरचं रोजचं काम बघून त्यांनीच ती ठेवायला सांगितली आणि मी ऐकलं.

हा तुकडा काढल्याचा फरक मला पहिल्या चौकातच कळला. पाय जिथे असेल तिथे क्लच असतो. लिहिताना हे वाक्य साधं दिसतं, पण सात वर्षं तसं नव्हतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधली ती घसरण गेली. दुसरी बाजूही सांगते. माझा मुलगा सुट्टीत आला, त्यानं गाडी घेतली आणि दोन दिवस प्रत्येक गिअरला हिसके दिले. त्याचा पाय त्या तुकड्याच्या भरवशावर शिकलेला होता. घरात नवशिके चालक असतील तर हे काम करायच्या आधी विचार करा. मजुरी ५०० रुपये.

तिसरं काम नळीचं, आणि ह्याच्याबद्दल माझं मत बहुतेकांना आवडणार नाही. स्टीलच्या जाळीची ब्रेडेड होज लावली की क्लच 'एकदम कडक' होतो, असं जो तो सांगतो. तर्क बरोबर आहे. रबराची नळी दाबाखाली थोडी फुगते, तेवढं तेल स्लेव्हपर्यंत पोहोचत नाही आणि पेडल स्पंजसारखं लागतं. ब्रेडेड होजमध्ये आत टेफ्लॉन असतं आणि बाहेरून स्टीलची जाळी फुगू देत नाही. पण माझ्या गाडीत ह्या वाटेचा बराचसा भाग मुळातच लोखंडी पाइपाचा आहे. रबर फक्त शेवटच्या हातभर लांबीला, जिथे इंजिनाच्या हालचालीसाठी लवचीकपणा लागतो. हातभर नळी कितीशी फुगणार? मला फरक जाणवला, पण तो पहिल्या दोन कामांच्या मानानं थोडा. पेडलच्या शेवटच्या भागातला स्पंजसारखेपणा गेला, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येईल. आणि त्यातला किती नळीमुळे, किती पुन्हा तेल बदलून एअर काढल्यामुळे, ते मला सांगता येत नाही. माझी एका वेळी एकच कामाची शिस्त इथे मोडली, कारण नळी बदलायची तर तेल काढावंच लागतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक वाचकानं लक्षात ठेवावी. शिरोलीच्या एमआयडीसीत जेसीबीची हायड्रॉलिक होज दहा मिनिटांत क्रिंप करून, म्हणजे टोकं दाबून बसवून देणारी दुकानं आहेत. मी मामांना विचारलं, तिथनंच स्वस्तात करून घेऊ का? ते जवळजवळ रागावले. यंत्रांच्या हायड्रॉलिक होजचं आतलं रबर खनिज तेलासाठी असतं. ब्रेकच्या तेलात ते फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे सिलिंडरात जातात. उलट आपल्या क्लचच्या सिलिंडरातली रबरं ब्रेकच्या तेलाला टिकतात, पण खनिज तेलाचा थेंब गेला तर त्यांचा नाश होतो. दोन्हीला 'हायड्रॉलिक' म्हणतात म्हणून दोन्ही एक नव्हेत. शेवटी टेफ्लॉनची होज मापानं बनवून पुण्याहून मागवली, ३,२०० रुपये. वर प्लॅस्टिकचं आवरण असलेलीच घेतली, कारण उघडी स्टीलची जाळी ज्याला घासेल ते कानशीसारखं कापत जाते.

आणि इथे ह्या गॅरेजची एक चूक झाली, ती लपवत नाही. होजच्या टोकाला बॅन्जो बोल्ट, म्हणजे आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर. हे वायसर एकदा दाबले की चपटतात आणि दुसऱ्यांदा नीट सील करत नाहीत, म्हणून दर वेळी नवे लागतात. मामा जेवायला गेले होते आणि पोरानं एका बाजूला जुनाच वायसर घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी कळ्याच्या अलीकडे पेडल मऊ पडलं, पुढच्या दोन दाबांत तळाला गेलं. बाजारभोगावच्या एका गाईचं व्यायल्यानंतर अंग बाहेर आलं होतं आणि मी तिकडेच निघाले होते. अशा गाईला तास-दोन तास जास्त गेले की सूज वाढते आणि अंग आत बसवणं अवघड होतं. मी त्या शेतकऱ्याच्या मुलाला फोन केला, तो मोटारसायकल घेऊन आला, औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी गेले. गाय वाचली. पण रस्त्याच्या कडेला उभी असताना मला जी भीती वाटली ती ह्या लेखातून वगळणं योग्य होणार नाही.

भीती ब्रेकची होती, कारण डबा एकच. बॉनेट उघडून बघितलं तर डब्यातलं तेल एका पातळीपर्यंत उतरून तिथेच थांबलं होतं. मामांनी नंतर दाखवलं की क्लचची नळी डब्याच्या मुद्दाम वरच्या भागातून काढलेली असते. क्लच कितीही गळला तरी तेवढंच तेल जातं, खालचं ब्रेकसाठी राहतं. ज्यानं हे आधी योजून ठेवलं त्याचे मी मनात आभार मानले.

मामा फोनवर सगळं ऐकून घेऊन वीसेक किलोमीटर मोटारसायकलवरून आले, नवे वायसर आणि तेलाची बाटली घेऊन. रस्त्यावरच बोल्ट उघडला, जुना वायसर काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "चूक आमची हाय डॉक्टर. पोरानं घातला, पर बगायचं काम माजं हुतं." पैसे घेतले नाहीत. होजची मजुरी ९०० ठरली होती, मी ती पूर्ण दिली, कारण बाकीचं काम त्यांनी नीट केलं होतं. तुम्ही कुठेही हे काम करून घ्या, समोर उभं राहून विचारा: वायसर नवे आहेत का? आणि पहिले आठ दिवस रोज सकाळी गाडीखाली आणि डब्यात नजर टाका.

चौथं काम स्प्रिंगचं. माझ्या मते सगळ्यात रंजक, आणि सगळ्यात ज्याच्या-त्याच्या पायावर अवलंबून.

डॅशबोर्डखाली क्लचच्या पेडलला एक मदतीची स्प्रिंग असते. पेडल वर असताना ती त्याला वरच धरते. थोडं दाबून मध्य ओलांडला की तीच उलटी होऊन पेडल खाली ढकलायला लागते. म्हणून सुरुवातीला किंचित अडखळ आणि मग एकदम हलकं. माझं पेडल शोरूममध्ये आवडावं असं हलकं होतं ते हिच्यामुळे. आणि जिथे क्लच धरतो, नेमक्या त्याच टप्प्यात ही स्प्रिंग डायफ्रामच्या बोटांचा निरोप पुसून टाकत होती.

मामांनी ती काढली. दबलेली स्प्रिंग बाहेर येताना उडते, डोळ्यावर चष्मा असल्याशिवाय तिथे तोंड घालू नये. चार दिवस मी स्प्रिंगशिवाय गाडी चालवली. पायाला इतकं स्पष्ट कधीच कळलं नव्हतं. प्लेट टेकायला लागते तो क्षण तळपायाला जाणवतो. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी डावा गुडघा दुखायला लागला. कुत्र्याच्या पिल्लांचं वजन करायचा माझा छोटा सपाट काटा आहे, तो पेडलवर धरून पायानं दाबला. स्प्रिंग असताना जास्तीत जास्त नऊ किलोच्या आसपास दाखवायचा, आता तेरा. अगदी शास्त्रीय माप नाही, पण दर वेळी तोच काटा आणि तोच पाय होता.

दुसरी अडचण गुडघ्याहून मोठी होती. स्प्रिंग नसल्यानं पेडल शेवटचा बोटभर भाग आपणहून वर येत नव्हतं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे गेला तरच डब्याकडे जाणारं बारीक छिद्र उघडं पडतं. ते बंद राहिलं आणि बॉनेटखालच्या उष्णतेनं तेल प्रसरण पावलं, तर त्याला जायला जागा नाही. ते क्लच आतून थोडासा दाबून धरतं आणि प्लेट घसरून जळते. इंटरनेटवर स्प्रिंग काढा म्हणून सांगणारे खूप आहेत, हे सांगणारे कमी.

मग मामांनी जे केलं ते कोल्हापुरातच होऊ शकतं असं मला वाटतं. दोन गल्ल्या सोडून एक स्प्रिंगवाले आहेत. मूळ स्प्रिंगची तार तीन मिलिमीटरची भरली. त्यांच्याकडून तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच घेराची, तेवढ्याच वेढ्यांची स्प्रिंग २.८ मिलिमीटरच्या तारेत वळून घेतली. तार एवढीशी बारीक केल्यानं काय होणार, असं मला वाटलं. पण स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. जाडी ९३ टक्के झाली की ताठरपणा ७६ टक्क्यांवर येतो, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश कमी. स्प्रिंगवाल्यांना हा हिशेब कागद न घेता येत होता. वळल्यावर त्यांनी ती भट्टीत घातली, मग शिकंज्यात काही वेळा पूर्ण दाबून मोकळी केली, म्हणजे नंतर गाडीत बसून तिची उंची कमी होत नाही. स्प्रिंगचे ४००, बसवायचे ६०० रुपये.

काटा आता दहाच्या आसपास दाखवतो. पेडल पूर्ण वर येतं. सुरुवातीची अडखळ पुष्कळ कमी झाली, धरायची जागा तळपायाला कळते, आणि हंगामभर ट्रॉल्यांमागे गाडी चालवून गुडघ्यानं तक्रार केलेली नाही.

पाचवं एक काम सुचवलं गेलं होतं, मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर घालायचं. एका ओळखीच्यांच्या गाडीत तसं केलं आहे. ५/८ इंचाऐवजी ११/१६ इंचाचा घातला तर त्याच दाबात २१ टक्के जास्त तेल ढकललं जातं, क्लच लवकर सुटतो, पण पायाला जोरही तेवढाच जास्त लागतो. शिवाय पेडल पूर्ण दाबल्यावर डायफ्रामची बोटं हवी त्यापेक्षा जास्त वाकतात. मला कमी अंतराची गरज नव्हती. नाही म्हटलं.

एकूण खर्च ६,९०० रुपये. त्यातले ४,१०० एकट्या होजचे, आणि फरक सगळ्यात कमी तिनंच दिला. पुन्हा करायचं झालं तर तेल, डिलेचा तुकडा आणि स्प्रिंग एवढंच करीन, २,८०० रुपयांत. रबराची नळी तडकली असेल किंवा दहा वर्षांची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ती बदलावीच लागते.

गॅरेजबद्दल: काम स्वच्छ, काढलेला प्रत्येक तुकडा हातात मिळतो, का करतोय ते विचारलं की सांगतात. दुपारनंतर फोन उचलत नाहीत आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते मागून घ्यावं. पोराच्या हातून झालेल्या कामावर मामांची नजर फिरली की नाही ते मी आता स्वतः विचारते. त्यांना त्याचा राग येत नाही.

गेल्या आठवड्यात करूळ घाटानं वर येताना एका वळणावर मालट्रक मागे घसरत थांबला आणि मला त्याच्या मागे चढावर थांबावं लागलं. निघताना हँडब्रेक सोडायच्या आधीच तळपायाला प्लेट टेकलेली कळली. गाडी तसूभरही मागे गेली नाही, वासही आला नाही.

नवी स्प्रिंग बसवायच्या आधी तिची मोकळी उंची ४८ मिलिमीटर भरली होती. मामांनी तो आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं तारखेसह लिहून ठेवला आहे. येत्या ऑक्टोबरात, हंगामाच्या आधी, ती काढून पुन्हा मोजायची आहे.